लुपातली बोटभर फट

मेहुणेराव यांना,
दाजींचा साशंक नमस्कार.

पत्र पोचलं. तुम्हा सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत असल्याचं कळलं. जरा जास्तच ठणठणीत वाटल्या, म्हणून पत्र दोनदा वाचलं. इकडे तुमच्या ताईचा गुडघा बरा आहे, माझी पाठ धरली आहे आणि तुमच्या वडिलांची भूक उत्तम आहे. रविवारी तुम्ही गाडी घेऊन येणार आणि बाबांना कायमचं तुमच्याकडे नेणार, हे आता ठरलंच. चार महिने ते माझ्या मागच्या खोलीत राहिले, आता मुलाची पाळी. माझी काही तक्रार नाही. (असती तरी हे पत्र टपालात पडण्याआधी तुमची ताई वाचते.) फक्त बाबांनी जाताना एक अट घातली आहे. म्हणाले, "जावईबापूंनी हातात घेतलेली लाईन पुरी होऊ दे, मग निघतो."

ही लाईन म्हणजे मागच्या खोलीतल्या माझ्या कॉम्प्युटरवर तुम्हीच घालून दिलेला तो आगगाडीचा गेम. (का घालून दिलात, हा प्रश्न मी सोडलेला नाही.) त्यात मी लूप टाकायला घेतला आहे. स्टेशनातून रूळ काढायचे, तळ्याला वळसा घालायचा, एक पूल, एक बोगदा, आणि फिरून दुसऱ्या टोकाने त्याच स्टेशनात आणून जोडायचे. मग गाडी न थांबता गोल फिरत राहते. कुठेही न पोचता इतकं फिरायला मला एरवी ऑफिसात जावं लागतं.

दोन आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी टोकाला टोक भिडलं. दुसऱ्या दिवशी घरी आलो, ऐटीत गाडी सोडली, आणि पूल ओलांडताच इंजिन तळ्यात. बघतो तर सांध्यात फट! ती नुसती बुजवता येत नाही, अख्खं वळण उपटून नव्याने टाकावं लागतं. टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फट, त्याच जागी, तेवढीच. असं सात वेळा झालं. सात इंजिनं तळाशी आहेत. तळ्यातल्या माशांची आता मला काळजी वाटते.

पहिला संशय अर्थातच तुमच्यावर. गेम तुमचा, आणि घरबसल्या दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये हात घालण्याची विद्या तुमच्याकडे आहे असं तुम्हीच लग्नकार्यांतून सांगत फिरता. दुसरा संशय तुमच्या ताईवर. "मी बाई त्या खोलीत केर काढण्यापुरती जाते," म्हणाली, आणि त्याच दमात, "पण तुमचा पूल डावीकडे वाकलाय." बाबांवर मात्र संशय घेतला नाही. यंत्राला हात लावला की झिणझिण्या येतात असं सांगून ते चार महिने कॉम्प्युटरकडे पाठ करून झोपतात. (इतकी वर्षं संशय घेऊनही मी किती भोळा राहिलो बघा.)

शेवटी खुर्चीच्या चाकाखाली काडी ठेवून ऑफिसला गेलो. आलो तेव्हा काडी मोडलेली, आणि पडद्यावर अंगठ्याचा ठसा, बरोबर फटीच्या जागी. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून भर दुपारी घरी धडकलो. कॉम्प्युटरसमोर बाबा! नाकावर चष्मा, कानावर पेन्सिल, एका हातात माऊस, दुसरा हात पडद्यावर, वळण मापत.

मला बघून दचकले नाहीत. उलट मलाच म्हणाले, "या जावईबापू. ऊन किती आहे बघितलंत? आणि तुम्ही सांधे गच्च आवळून ठेवलेत. रूळ तापला की फुगायला जागा नको?"

तुम्हाला ठाऊकच आहे, छत्तीस वर्षं त्यांनी रूळ सांभाळणाऱ्या गँगची मुकादमी केली. मी समजावलं, "बाबा, गेममध्ये ऊन नसतं."

"मग त्या झाडांना सावली कशाची?"

मी सावली सोडून फटीवर आलो. म्हटलं, "पण पडद्यावर बोटभर ठेवलेली फट रुळावर तीन डब्यांएवढी होते हो!"

"मग गाडी हळू घ्यायची," बाबा म्हणाले. एवढ्यात तुमची ताई चहा घेऊन आली आणि बशी न विचारता कॉम्प्युटरशेजारी ठेवली. तिथे बशीचा गोल डागही पडला आहे. जुना आहे.

तेव्हापासून मी विचारात आहे. पडद्याच्या काचेचं माप आणि रुळाचं माप यांतला फरक मुकादमी केलेल्या माणसाला कळत नाही? मला पटत नाही. लाईन पुरी झाली की निघायचं आहे, आणि लाईन रोज दुपारी बोटभर अपुरी राहते. शिवाय रविवारसाठी म्हणून आठवडाभर दाराशी उभी असलेली त्यांची बॅग काल मी सहज उचलून पाहिली. रिकामी आहे.

तुम्ही त्यांचे चिरंजीव, तुम्हीच याचा छडा लावा. रविवारी वेळेवर या.

तुमचे,
दाजी

ता. क. : वेळेवर म्हणजे रविवारीच असं काही नाही. वळणाचं काम नाजूक असतं. पुढच्या महिन्यात आलात तरी आमची अडचण नाही, त्याच्याही पुढच्या महिन्यात आलात तर फारच उत्तम. मागची खोली मला तशीही लागत नाही.

ता. क. २ : कुठे बोलू नका. फट एका फटक्यात बुजवणारं बटण या गेममध्ये आहे. मला ते परवाच सापडलं. दाबलेलं नाही.

ता. क. ३ : पत्र तपासले. मजकुरात दोन ठिकाणी सांधा ढिला आहे, पण चालेल. ते बटण मला गेल्या आठवड्यातच सापडले होते. रविवारी येऊ नकोस. पुढे काम चालू आहे. — बाबा