सोदामची भरतीची वही

२६ एप्रिल, शुक्रवार

बोटीने बेटावरच्या शाळेत. सहावीची नऊ मुलं, विद्यापीठातून मी आणि गिउंग. मुलांनी पंधरा दिवस धक्क्याच्या खांबावर भरतीची उंची मोजायची. उत्तम वही प्रांताच्या विज्ञान प्रदर्शनात जाणार. नियम एकच सांगितला — जे दिसेल तेच लिहायचं.

सोदाम नावाच्या मुलीने तो वहीच्या पुठ्ठ्यावर उतरवून घेतला!

२४ मे

सोदामची वही सगळ्यांत नेटकी. १ ते १५ तारखा. पण भरतीच्या छापील तक्त्यात ज्या दिवशी पाणी सगळ्यांत कमी, त्या दिवशी हिचं सगळ्यांत जास्त. वर्गासमोर मी म्हणाले, “हे आकडे घरी बसून लिहिलेत.”

“मोजलेत, ताई.”

“मग समुद्र चुकला?”

मुलं खिदळली. तिची वही प्रदर्शनातून काढली.

परतताना गिउंग — “एवढी तासलीस त्या पोरीला! आधी विचारायचंस तरी.”

३१ मे

सोदाम गैरहजर. प्रदर्शनाची मुदत संपली.

७ जून

आजही आली नाही. घरी गेले. तिची आई समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढते. नुकतीच आली होती, केस ओले. भिंतीवर कॅलेंडर. मोठ्या आकड्यांखाली बारीक चांद्र तारखा — खुणा सगळ्या बारीक आकड्यांवर.

“मोठे आकडे बँकेचे,” आई हसली. “समुद्राला ते कुठले कळायला! आमची पोर बारीकच वाचते.”

माझ्या घरीही हेच कॅलेंडर आहे. आईचा वाढदिवस आम्ही बारीक आकड्यावरच करतो!

वही तिथेच मागितली, तिची १ तारीख म्हणजे ८ मे धरून तारखा सात दिवस पुढे सरकवल्या. पंधराही आकडे जुळले. फरक चार सेंटिमीटरच्या आत. सरकवून पाहायला विद्यापीठात पहिल्या वर्षीच शिकवतात.

“मी चुकले, सोदाम.”

तिने शिंपल्यांच्या पेजेचा वाडगा पुढे केला. “थंड होईल, ताई.”

१४ जून

प्रदर्शनवाल्यांचं उत्तर एका ओळीचं: मुदत संपली.

वर्गात सगळ्यांसमोर चूक कबूल केली. सोदामने मान खाली घातली — पुन्हा पकडली गेल्यासारखी. विचारलं, पुन्हा मोजशील? तुला हव्या त्या तारखांनी. “हो,” म्हणाली.

२८ जून

सोदामची नवी वही. तारखा मोठ्या आकड्यांच्या. सगळी मापं तक्त्याशी जुळतात, सेंटिमीटरपर्यंत. मंगळवारी वादळामुळे धक्का बंद होता. त्या दिवसाचंही माप आहे.

“आता बरोबर आहे ना, ताई?”