रेडिओतला दोष तुमचा नव्हता

अहो,

दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलंय आणि तुम्हाला लिहायला बसलेय. बाहेर असं धुकं उतरलंय की समोरची पिठाची गिरणीसुद्धा दिसत नाही. या धुक्यात गिऱ्हाईक कुठून येणार? आणि खरं सांगू? आज कुणी यायला नकोच आहे. परवा माझ्यासमोर तुमच्याबद्दल एक खोटं बोललं गेलं आणि मी ते ऐकून घेतलं. तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

आंबी गावचे धोंडिबा आबा आठवतात ना? विसराल कसे! छप्पर गळून त्यांचा ट्रान्झिस्टर भिजला होता. तुम्ही आतली सर्किटची प्लेट काढलीत आणि खिडकीशी धरून कितीतरी वेळ बघत राहिलात. पलीकडून उजेड आला की त्या तांब्याच्या रेघा भातखाचरांच्या बांधांसारख्या दिसायच्या. "ये, बघ. या बांधांवरून चालत जायचं. कुठं अडलंय ते सापडतंच," असं म्हणालात. मी कणकेच्या हातांनी तशीच आले आणि ओरडा खाल्ला.

शिकवलंत हो मला, पण किती ओरडून! "सोल्डर म्हणजे पोळीवरचं तूप नव्हे, थेंबभर पुरे!" माझे टाके तुमच्यापेक्षा देखणे असायचे. ते कधी गिऱ्हाइकासमोर कबूल केलंत? नाहीच ना! जाऊ दे, आज भांडायला बसलेली नाही.

ती प्लेट धुऊन वाळवायची होती. दिव्याखाली ठेव, घाई करू नको, हे तुमचं नेहमीचं. पण तुम्ही सामान आणायला पुण्याला गेलेले, आठवडाभर उन्हाचा पत्ता नाही, आणि आबा दुसऱ्या दिवशी येणार! आपल्या दुकानामागच्या चिक्कीच्या भट्टीवर ती उबदार फळी आहे ना, तिच्यावर ठेवली. काढायला गेले तर गुळाच्या पाकाचा एक थेंब उडून प्लेटवर बसलेला. पदरानं पुसला. वर काही दिसेना. यात तुम्हाला काय सांगायचं, असं वाटलं. एवढंच झालं हो!

मग सुरू झाला तो खेळ. रेडिओ आपल्याकडं खणखणीत वाजायचा. आबा घेऊन जायचे आणि चार दिवसांनी बगलेत मारून परत. "भाऊ, ह्यो घरी ग्येला की गप बसतोय. तुमच्या हितं बरा बोलतो!" पहिल्यांदा तुम्ही हसलात. दुसऱ्यांदा अर्धे पार्ट बदललेत. तिसऱ्यांदा आबा बसलेसुद्धा नाहीत. "ऱ्हाऊ द्या तुमालाच," म्हणून रेडिओ टेबलावर टाकून निघून गेले.

आणि मग वडगावच्या बाजारात, भर गर्दीत म्हणाले, "लोनावळ्याच्या भाऊनं माज्या रेडूतला चांगला माल काढला आन् जुना घातला." तुम्ही हातातला चहा तसाच ठेवून उठलात. घरी येऊन मला एवढंच म्हणालात, "मी कधी कुणाचं काही घेतलंय का गं?"

त्यानंतर तो रेडिओ किती वेळा उघडलात! शेवटच्या तापातसुद्धा तुमचं बोट चादरीवरून पुढं सरकायचं, थांबायचं, परत मागं यायचं. मी उशाशी बसून बघत होते. तो थेंब मला तेव्हा एकदा आठवला होता. तुमच्याशी आता कशाला खोटं बोलू? "पुसलाय की," असं म्हणून मी माझ्याच मनाला गप्प केलं.

या श्रावणात एका सकाळी फळ्या पुसताना तो रेडिओ खाली घेतला. सेल घातले. छान लागला, कुणी बाई गात होती. खिडकी उघडी होती. धुकं आत आलं, टेबलावर पसरलं, आणि आवाज बुडत बुडत गेला. ती बाई गात गात घाट उतरून लांब चालली आहे असं वाटत होतं. मी खिडकी लावली आणि रेडिओ भट्टीच्या भिंतीशी नेऊन ठेवला. तासाभरात बाई परत आली! तुम्ही मागं उभे आहात, मान वळवली तर जाल, असं वाटलं. म्हणून कितीतरी वेळ वळलेच नाही.

आपली मागची भिंत भट्टीची, दुकान कायम कोरडं. म्हणून तो इथं गायचा. आबांचं घर ओढ्याकाठी, तिथं भिंतींना ओल. पावसाळ्यात डब्यातला गूळ पाझरतो हे मला ठाऊक नाही होय? जन्म गेला चुलीपुढं! रेडिओ उघडून प्लेटवरचा एक कंडेन्सर उचलला, तर त्याच्याखाली तपकिरी, चिकट काहीतरी दोन रेघांना धरून बसलेलं. बोटानं जिभेवर लावून पाहिलं. गोड लागलं. हाच पाक ओल धरून त्या दोन रेघा जोडत होता आणि आवाज बुडवत होता. स्पिरिट आणि दातांच्या ब्रशनं सगळं धुतलं आणि दोन दिवस दिव्याखाली ठेवलं.

आबांना एसटीच्या कंडक्टरकडून निरोप धाडला. ते आले, रेडिओ घेऊन गेले. परवा परत आले ते आंबेमोहराचं गाठोडं घेऊन! "वैनी, आठ दिस झालं, धुक्यात बी बोलतोय! भाऊंना जमलं न्हाई त्ये तुमी केलंत. लय हुशार निघालात!"

आणि मी हसले. हसले हो! "बसा, चहा टाकते," म्हणाले. आपल्याला कुणी हुशार म्हणावं म्हणून इतकी वर्षं जीव झुरत होता. म्हटलं कुणीतरी, पण तुम्हाला खाली पाडून. रात्रीसाठी तो तांदूळ शिजवला, घरभर वास सुटला, आणि मी ताट न घेताच उठले. का नाही बोलले मी तेव्हाच? आणि तुम्ही होतात तेव्हा तरी का नाही बोलले? तुम्ही ओरडला असतात, खूप ओरडला असतात, आणि मग निवांत झोपला असतात.

तर आता ऐका. येत्या बाजाराच्या दिवशी मी वडगावला जाणार आहे. आबांना त्यांच्या घरी हळूच सांगून भागायचं नाही, चारचौघांत गेलेलं चारचौघांतच परत आणायला हवं. तिथं "आमचे हे" म्हणूनही चालणार नाही. आजवर तुमचं नाव फक्त उखाण्यात घेतलं, तेही लाजत. या वेळी उखाणा न घालता, मोठ्यानं घेईन. म्हणेन, यशवंत रेडिओवाले चोर नव्हते. चूक मी केली, त्यांच्या बायकोनं.

तुमचीच,
सुमन