कँटीनच्या भिंतीवरची देवी

बोईसर,
ता. ९ फेब्रुवारी १९८६

ती. गोमादादास जिवलीचा सा. नमस्कार वि. वि.

तू परत गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीचं नवं कँटीन उघडलं. सगळे जेवता जेवता तुझ्या भिंतीकडे बघत होते. तारपा वाजवणारा, त्याच्याभोवतीचा नाच, ताडाची झाडं. ऑफिसातल्या बायका मला विचारत होत्या, खरंच तुझा सख्खा भाऊ का गं? मी इतकी फुगले की घरी यांनी चेष्टा केली; म्हणाले, भिंत गोमानं रंगवली आणि रंग तुला चढला.

साहेबांच्या आग्रहावरून तू भिंतीच्या मधोमध चौक आखून त्यात देवी काढलीस, ते मात्र आईला सांगू नकोस. देवी लग्नाच्या घरातच काढायची, पूजा होईपर्यंत फडक्याखाली झाकायची, हे तिचं ठाम. पण नुसता रिकामा चौक साहेबांना कसा चालला असता? आणि ती भिंत काही घराची नाही, कंपनीची आहे.

वहिनीला नमस्कार. बाबांच्या खोकल्याचं कळव. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
जिवली

---

पाड्यावरून,
ता. १८ फेब्रुवारी

चि. जिवलीस अनेक आशीर्वाद.

बाबांचा खोकला उतरला. आईला मी काही बोललो नाही, तरी तिला कळलं. आपल्या पाड्यावरची माणसं तुमच्याकडे बांधकामावर आहेत, त्यांनी कौतुकानंच सांगितलं.

तुला ठाऊक आहे, कुणाचं लग्न ठरलं की देवी आईच्या स्वप्नात येते. हात कसे, केस कसे मोकळे, शेजारी झाड कुठलं, हे आई उठल्या उठल्या सांगते आणि मगच तांदळाच्या पिठात काडी बुडवते. आता काकाच्या मुलीचं, बायडीचं, लग्न तोंडावर आलंय आणि आईला काहीच दिसलेलं नाही. काल मला म्हणाली, "तुमी तिला लग्नाबिगर बोलावलं नि तितंच उभी करून ठेवली. आता माज्याकडं कशी येल ती?" मी मान खाली घालून कुऱ्हाड शोधायला लागलो. कुऱ्हाड समोरच होती.

ती भिंत बघायला तिकडे येईन म्हणते. तिला सांभाळून घे. आमच्या जावयाला, रामनाथला आशीर्वाद. आठवण ठेव.

तुझा दादा,
गोमा

---

बोईसर,
ता. २७ फेब्रुवारी

ती. दादास सा. नमस्कार.

आई येऊन गेली. आज धीर करून लिहितेय.

मला वाटलं घरी येईल. ती एस.टी.तून उतरून विचारत विचारत थेट कँटीनमध्ये आली, ऐन जेवणाच्या सुट्टीत. दादा, तुझ्या देवीच्या पायाशी आता हात धुवायचे नळ बसवलेत. लोक चुळा भरत होते. आईनं पिशवीतून कोरं फडकं काढलं आणि दोन्ही हातांनी देवीवर धरून उभी राहिली. लोक हसायला लागले. रखवालदार हिंदीत ओरडला. साहेबांनी विचारलं, ही बाई कोणाकडे आली आहे?

मी ताट हातात घेऊन उभी होते. आईनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर तिला काय दिसलं कोण जाणे. ती रखवालदाराला म्हणाली, "माजं हितं कोन नाय, बाबा. वाट चुकले." फडक्याची घडी घातली आणि निघाली. ताट ठेवून मी मागे धावले, तोवर एस.टी. सुटली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, ती माझी आई. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, आधी सांगायचं ना, भिंतीजवळ उभं करून फोटो घेतला असता. देवी पुसू द्या म्हटलं, तर हसून फायली बघायला लागले.

मी बायडीच्या लग्नाला येत नाही. कुठल्या तोंडानं येऊ? आई काय म्हणते ते लिही, वाईट असलं तरी लिही.

अजून तुझीच,
जिवली

---

पाड्यावरून,
ता. ११ मार्च

चि. जिवलीस आशीर्वाद.

आई तुझ्याबद्दल चांगलंच बोलते. शेजारणींना सांगत होती, जिवलीचं कँटीन लख्ख आहे, ताटं ही एवढी, जिवलीनं पोटभर जेवू घातलं. मला तिथं बसवेना. मी गेरू घेऊन तुमच्या कंपनीकडे आलो होतो, देवी झाकून टाकावी म्हणून. रखवालदारानं फाटकातूनच परत लावून दिलं. तुला निरोप पाठवायचीही लाज वाटली.

बायडीचं लग्न झालं. आदल्या दिवशी सकाळी सगळ्यांचे डोळे आईकडे. ती उठली, हात धुतले, काही न बोलता पीठ कालवलं. बायका म्हणाल्या, दिसली वाटतं. आईनं देवी काढली, फडक्यानं झाकली. लग्न लावणाऱ्या धवलेरीनं गाणी म्हटली, फडकं वर केलं, आणि सगळ्यांनी हात जोडले. अशी देखणी आधी कधी उतरली नव्हती म्हणाले. बायडी तर रडली.

मग सगळे बाहेर नाचायला गेले. मी आईजवळ बसलो. ती भिंतीकडे बघतच नव्हती. म्हणाली, "ही ती नाय, गोमा. मला काय दिसलंच नाय. पोरीचं लगीन अडंल म्हनून माज्याच मनानं काडली. समदी पाया पडत होती नि मी बघत होते. जिवलीला सांग, मी पन गप रायले."

तिनं सांगायला सांगितलं म्हणून लिहिलं. तू घरी ये.

तुझा दादा,
गोमा