सुमतीचे इंग्रजीचे मार्क

२७ ऑगस्ट २०००, रविवार
मंदार आला होता कर्वेनगरहून. धाकट्या दिरांचा, कॉम्प्युटर कंपनीतला. घराण्याचा कुलवृत्तांत करतोय, अमेरिकेला जायच्या आत छापायला द्यायचाय. म्हणाला, "काकू, नुसते पुरुष नकोत. बायकांचंही घालणार." माझ्या नावापुढे लिहून घेतलं, 'घरातील पहिली मॅट्रिक सून'. सासूबाई हळदीकुंकवात सांगायच्या तसंच. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
मग त्याने ह्यांना विचारलं, "आणि आधीच्या काकू?"
सुमती. अकरा महिन्यांचा संसार, माहेरी बाळंतपणात गेली. सत्तावीस वर्षं तिचा चांदीचा टाक मी घासते. हळदकुंकू आधी तिला, मग मला. बाकी घरात तिचं नाव निघत नाही. हे म्हणाले, बघू.

३ सप्टें., रविवार
आरतीनंतर मंदार बसला आणि हे बोलू लागले ते थांबेनात. माझ्याशी दिवसाकाठी चार वाक्यं, त्यातलं एक मिठाबद्दल. तेव्हा हे रात्रशाळेत मॅट्रिकची तयारी करत. सुमती मराठी सातवी. शाळेत शिकलेलं इंग्रजी हे घरी तिला शिकवायचे. "फार सावकाश यायचं तिला. एकच शब्द चारदा विचारायची. मला कंटाळा नाही आला कधी."
मंदारने शब्दन् शब्द उतरवला. अर्धं पान होईल म्हणाला. माझी एक ओळ.
मला ह्यांनी कधी काही शिकवलं नाही. मी मॅट्रिक ना.

४ सप्टें.
पोथीच्या फडक्यातला कागद काढला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिची ट्रंक पुसताना तळाच्या कागदाखाली सापडलेला. कुणाला दाखवला नाही. सुमतीचं मार्कशीट, माहेरच्या नावाचं. मॅट्रिक पास, सेकंड क्लास. मुलगा मॅट्रिक नाही, मुलगी वरचढ दिसायला नको, म्हणून वडिलांनी सातवी सांगितली असणार.
इंग्रजी ६३. माझे ४१. ह्यांचे ३६.
दाखवलं तर माझी ओळ जाते. पण ह्यांचं अर्धं पानही जातं. त्या दुसऱ्या विचाराने सकाळपासून गोड वाटतंय. देवा, क्षमा कर.

१७ सप्टें., रविवार
हे देवघराशी बसलेले, टाक हातात. मला पाहून जागेवर ठेवला. म्हणाले, "फोटोसुद्धा नाही तिचा. तुला ट्रंकेत काही मिळालं होतं का?"
"जुनी लुगडी," म्हटलं.
पक्षपंधरवड्यात खोटं बोलले.

२२ सप्टें., शुक्रवार. अविधवा नवमी.
सुमतीच्या नावाने सवाष्ण जेवून गेली. पुरण वाढताना एकच मनात. एकच शब्द चारदा विचारायची. येत असलेला. ह्यांना कमीपणा वाटू नये म्हणून अकरा महिने लपवलं. मी सव्वीस वर्षं लपवलं ते...
मी आले त्या महिन्यातच ह्यांच्या अर्जातली इंग्रजीची चूक काढली होती. पुढे एकही अर्ज माझ्यासमोर लिहिला नाही.
मंदार आज मजकूर न्यायला येणार. मार्कशीट उलगडून टाकाखाली ठेवलंय. तिथेच राहील की परत फडक्यात, माहीत नाही.
खाली स्कूटर लागली. हे देवघराशी उभे, चष्मा शोधताहेत. तो इथे आहे, या वहीवर.