माझ्या जागी आरसा

आधी पेज घ्या, चुलीपाशी झाकून ठेवली आहे. मग हे वाचा.

मी कसालला माहेरी जाते आहे. काल होडीच्या सुकाणूला गिरमिटाने पाडलेलं भोक तिरकं जाऊन फळी फुटली, तेव्हा चार माणसांदेखत ओरडलात, "तुझे डोळे खंय गेले व्हते गो?" डोळे जागेवरच होते. मी बाजूला बसून "गिरमिट तुमच्याकडे कलता आसा" असं दोनदा सांगितलं, पण तुमचं सगळं ध्यान त्या आरोंद्याच्या तांडेलाशी गप्पा मारण्यात.

आता ऐनाच्या लाकडाची एकच फळी उरली आहे आणि तांडेल संध्याकाळी सुकाणू न्यायला येईल. गिरमिट डावी-उजवीकडे झुकलं तर तुम्हाला दिसतं. पुढे-मागे झुकलेलं फिरवणाऱ्याला दिसत नाही, म्हणून तर मी लागते. आज माझ्या जागी माझा आरसा तिरपा उभा करा. भोकाशेजारी काटकोनी गुण्या उभा ठेवा. आरशात गिरमिट त्याच्या बरोबरीने सरळ दिसलं पाहिजे. टोक खालून जरा डोकावलं की फळी उलटी करून भोक त्या बाजूने पुरं करा, म्हणजे कपची उडणार नाही. आणि काम होईपर्यंत कुणाशी बोलू नका.

दोनदा दारापुढच्या खळ्यापर्यंत जाऊन परत आले. एकदा गुण्या जागेवर आहे ना ते बघायला, एकदा उगीच. आता गाडी चुकेल.

आरसा माझ्या आईने दिलेला आहे. काम झालं की कसालला आणून द्या. कुणाच्या हाती पाठवू नका.

सुभद्रा