आवाज न काढता वाचायचे कलम

मी, उभा जन्म मागांच्या शेडमध्ये कापड विणलेली, आता निवृत्त, विधवा बाई, पूर्ण शुद्धीत, कोणी हात न पिरगाळता, चहा पिऊन झाल्यावर हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कान ठिकाणावर नसल्याचा दाखला कोणी मागितला नाही, पण तेही नोंदवून ठेवते, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

शेडमध्ये माग सुरू झाले की शेजारणीने कानात बोंब मारली तरी ऐकू येत नसे. आम्ही एकमेकींचे ओठ वाचून बोलायचो. पुढे कान गेले, ओठ वाचणे राहिले. त्यामुळे चर्चमध्ये पाळकसाहेब "डोळे मिटून प्रार्थना करू या" म्हणाले की मंडळी डोळे मिटतात आणि मी मिटत नाही. मिटले तर आमेन कधी झाले ते मला कसे कळणार? पूर्वी एकदोनदा लोक चपला घालून घरी गेले तरी मी आपली प्रार्थनेतच. तेव्हापासून डोळे उघडे. साहजिकच मनातल्या मनात कोण देवाकडे काय मागतो, ते मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. मनातल्या मनात म्हणताना लोक ओठ हलवतात, त्याला मी काय करू? चर्चमध्ये गाणाऱ्या बाईंनी निश्चिंत असावे, मी कोणाला सांगितलेले नाही.

कलम पहिले. माझी कात्री, शिवणयंत्र, कपाट आणि त्यातले सगळे सुनेला. मुलगा बोटीवर असतो, आणि घरी असला तरी भिंतीकडे तोंड करून बोलतो. सून आधी माझ्या खांद्याला हात लावते, समोर येते, मग विचारते, "आई, वाढू का?" एवढे जिला जमते तिचा माझ्या वस्तूंवर हक्क आहे.

कलम दुसरे. कानाचे यंत्र पाळकसाहेबांना. मंडळीने ते मला कौतुकाने आणून दिले, पण त्यातून शिट्टीशिवाय काही ऐकू आले नाही. पाळकसाहेबांना मात्र त्याची गरज आहे. बायकांच्या बाजूचा पंखा बंद आहे, हे बायका त्यांना कधीच्या सांगताहेत.

कलम तिसरे वकिलीणबाईंनी खोडले. अब्रुनुकसानी होते म्हणे.

कलम चौथे, घर. इथे माझा धाकटा भाऊ येतो. बायको गेल्यापासून तो चर्चमागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांच्या ढिगाऱ्याशेजारी झोपतो. त्याला सगळे आकाशवाणी म्हणतात, तोंडावरसुद्धा. देव त्याच्याशी सतत बोलतो. चर्चचे पडदे हिरवे असावेत, हे देवाने त्याला सांगितले. मंडळीतल्या मुलींनी केस कापू नयेत, हेही. गेल्या महिन्यात तो वेदीजवळ उभा राहून म्हणाला, "प्रभूने मला सांगितले आहे की, एकंदरीत पाहता, माझ्या बहिणीचे घर प्रार्थनाघरासाठी द्यावे." मंडळी आमेन म्हणाली. माझ्या शेजारी सून पांढरीफटक पडली, कारण तिला दुसरे घर नाही. मला देवाचा राग आला नाही. देव 'एकंदरीत पाहता' म्हणत असेल, असे मला वाटत नाही. ते आमच्या धाकट्याचे पालुपद आहे. लहानपणी मार चुकवतानाही तो हेच म्हणायचा.

मग देवाचा आवाज कोणता? त्याला ओठ नाहीत, म्हणजे माझी पंचाईतच. आपल्या नशिबात ते नाही, असे धरून मी पुष्कळ वर्षे काढली. मग एकदा भांडी घासताना मनात आले, "शेजारणीला विचार, बरी आहेस का." या शेजारणीशी जिन्यात सांडणाऱ्या पाण्यावरून माझे हाडवैर. मी म्हटले, देवा, पत्ता चुकला. पुन्हा तेच. शेवटी हात पुसून गेले आणि विचारले. ती म्हणाली, "बरी आहे. का हो?" आणि दार लावून घेतले. बस्स. चमत्कार नाही, रडारड नाही. तिथेच माझी खात्री पटली. माझेच मन बोलत असते, तर त्याने तिला निदान तापाने फणफणवले असते आणि मला देवदूत केले असते. पाणी अजून सांडते. तो आवाज मात्र तेव्हापासून ओळखू येतो. थोडके बोलतो, कारण सांगत नाही, आणि बहुतेक वेळा मला नको असलेल्या माणसाबद्दलच असतो.

तर घर सुनेला, पूर्ण मालकीने. हे लिहिताना मला फार मजा येत होती. आकाशवाणीचे तोंड कसे पडेल, ते डोळ्यांपुढे आणत होते. तेवढ्यात मनात आले, "त्याला आत घे." मी म्हटले, कोणाला? पण मला चांगले कळले होते. मी म्हटले, तो दिवसभर बोलतो, सुनेचा जीव जाईल. पुन्हा तेवढेच. मी सुनेला विचारले. तिने हातातली भाजी चिरून संपवली, मग समोर येऊन म्हणाली, "मामांना पुढची खोली द्या, आई. पण सभा भरवतील तर मी ऐकून घ्यायची नाही."

म्हणून पुढची खोली भावाला तहहयात राहण्यासाठी. सभा, उपदेश आणि हिरवे पडदे यांना मनाई.

आज सकाळी तो स्वतःच आला, साक्षीदार म्हणून सही करायला. दर रविवारी चर्चमध्ये देवाची साक्ष देणारा माणूस, त्याला हौस. वकिलीणबाई म्हणाल्या, "ज्यांना काही मिळणार आहे, त्यांनी साक्षीदार व्हायचं नसतं." तो हातात पेन घेऊन तसाच उभा राहिला. माझ्याकडे बघत राहिला. मग पेन ठेवून निघून गेला.

कलम पाचवे व शेवटचे. हे मोठ्याने वाचू नये. वकिलीणबाईंनी माझ्या भावासमोर बसून, आवाज न काढता, नुसते ओठ स्वच्छ हलवून वाचावे. तरुणपणी तोही शेडमध्ये होता, त्याला कळेल. बाकीच्यांनी तेवढा वेळ डोळे मिटावेत.

धाकट्या, तू शेड विसरलास. प्रार्थनेच्या वेळी तू आमच्याकडे तोंड करून उभा असतोस. डोळे मिटून तू काय म्हणतोस, ते मी पहिल्या बाकावरून कैक वर्षे बघते आहे. पडदे नाहीत, घर नाही. दर रविवारी एकच. "देवा, एकदा तरी बोल ना माझ्याशी." मग आमेन होते, आणि तू डोळे पुसून सगळ्यांना सांगतोस, तो काय काय बोलला ते. आधी मला तुझी चीड यायची. आता रडू येते. तुला घरात घ्यायची माझी मुळीच इच्छा नव्हती, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून ही खोली ताईने दिली, असे समजू नकोस. तो बोलला रे तुझ्याशी. निरोप बहिरीकडे दिला, एवढेच.

सही: स्वहस्ते.
ठिकाण: माझे स्वयंपाकघर.
दिनांक: वकिलीणबाईंच्या शिक्क्यात आहे तो.

साक्षीदार:
१. कोपऱ्यावरचा कुलूपवाला. याला यातले काही मिळत नाही, आणि याने वाचलेलेही नाही.
२. टपाल वाटणारी बाई. घाईत होती, तरी थांबली.

दोघांनी मला सही करताना पाहिले, मी दोघांना पाहिले, आणि कोणी कोणावर जबरदस्ती केली नाही.