गालिचा, खुर्ची, दार

३ फेब्रुवारी
पोरीने आज दारातूनच हात धरून ओढत नेलं मला! महिन्यापूर्वी टॅब्लेट काढून घेतला म्हणून हिनेच मला कडकडून चावलं होतं. आज म्हणते, "ताई, तंबू कर ना, लवकर!" दोन खुर्च्या, एक चादर, कपड्यांचे चिमटे — तासभर आतच होतो. सहा वर्षांची आहे, पाय म्हणून एका जागी ठरत नाही. मी तिला भिंगरीच म्हणते. तिची आई कानात हेडफोन घालून ऑफिसशी बोलत होती. एकदा डोकावली, हसली, गेली.
परत येताना उगाचच गुणगुणत होते.

७ फेब्रुवारी
संध्याकाळी सात वाजले की घरातले सगळे फोन पत्र्याच्या डब्यात आणि झाकण बंद — हा नियम मीच लावून दिलाय. आज आईने पहिल्यांदा स्वतःचा टाकला आणि येऊन गालिच्यावर बसली. बसायलाच हवं. आमच्या कामाची रीतच ती — पोरांचा फोनचा नाद सोडवायला घरोघरी जाणारी खेळताई आधी गालिच्यावर, मग खुर्चीत, मग दाराशी, मग घराबाहेर. तिच्या जागी आईने यायचं.
ये बाई, ये! पण चिमटे असे उलटे कोण लावतं?

१२ फेब्रुवारी
आज खुर्चीत बसले.

१३ फेब्रुवारी
काल लिहवेना. कापडी हत्तीचं ऑपरेशन चाललं होतं. आईने हत्तीचा आवाज काढला — खोकला झालेल्या बकरीसारखा! आणि पोर हसून हसून लोळतेय! रडणं, लाथा, चावे, सगळं मी सोसलं. आणि ही आली आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला. अंगाचा नुसता तिळपापड झाला.
आई आहे ती तिची. माहीत आहे मला. मग?

१८ फेब्रुवारी
आम्हाला घरं नेमून देणाऱ्या केंद्रातल्या मोठ्या बाई खूश. "शाब्बास! पोरगी आईकडे वळली. आता या घरातलं काम संपवू."
म्हटलं, अजून थोडे दिवस लागतील.
"कशाला?"
मी खेळण्यांची पिशवी आवरायला घेतली. "गुंतू नकोस गं इतकी," म्हणाल्या. स्वतःच्या घरी तीन नातवंडं अंगाखांद्यावर खेळतायत, बोलायला काय जातंय यांचं! मी कुलूप उघडून आत जाते तेव्हा घरात चिटपाखरू नसतं.

२१ फेब्रुवारी
दाराशी उभी होते. भिंगरीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. आई म्हणाली, "चहा तरी घ्या ना ताई. तुमचे उपकार कसे फेडू?" चांगली आहे हो बाई, तीच तर पंचाईत आहे! वाईट असती तर मनसोक्त शिव्या तरी दिल्या असत्या.
गरज सरो नि वैद्य मरो. जिना उतरताना पुन्हा तो बकरीचा आवाज, पुन्हा पोरीचं खिदळणं. कोपऱ्यावर थांबून रडले. हो, रडले!

२५ फेब्रुवारी
नवीन घर. जुळी पोरं, दोघांच्या हातात दोन फोन. मला मन लावून काही करता येईना.

२ मार्च
भिंगरीच्या आईचा फोन. आवाज रडवेला. "ताई, पुन्हा सुरू झालं हो! सात वाजले की डब्याला लटकते. गेम नको, कार्टून नको — तुम्हाला बघायचंय म्हणते, व्हिडिओ कॉल लाव म्हणते. मी हत्ती झाले, तंबू केला, तर मला ढकलून दिलं. काय करू?"
काय करायचं ते मला तोंडपाठ आहे. चार दिवस रडू द्या. डबा उघडू नका. तुम्ही गालिच्यावरून हलू नका, पोर आपोआप येईल तुमच्याकडे. किती घरांत सांगितलंय हे!
"तुम्ही म्हणाल तसंच करते," ती म्हणाली.
म्हटलं, उद्या सांगते. मला बघायचंय म्हणते!

३ मार्च
सांगितलं. उघडा म्हटलं डबा. रोज सातला, अर्धा तास. मी मोकळीच असते.